बाईंच्या गाडीचे सोळा नट

"नलवडे, हात दाखव."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. दोन पोरांचा बाप, विश्रामबागेच्या रस्त्यावर स्वतःचं टायरचं दुकान. पण तो आवाज कानावर पडला आणि हातातला पाना आपोआप खाली गेला. मी दोन्ही हात पुढं केले. आधी सुलटे, मग उलटे.

"नखांत काळं आहे."

"ग्रीस आहे, बाई."

"ते मला दिसतंय. धुऊन ये. नाजूक काम आहे."

आठल्येबाईंनी मला सातवीत मराठी शिकवलं होतं. म्हणजे त्यांनी शिकवलं होतं, मी शिकलो होतो असं माझं म्हणणं नाही. पुढं त्या मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्त झाल्या, आणि साठीला आल्यावर एक दिवस गाडी चालवायला शिकल्या. छोटी लाल गाडी घेतली. अख्ख्या सांगलीला वाटलं, आठ दिवसांत ही गाडी कृष्णेत जाईल. गेली नाही. उलट बाई रोज सकाळी गणपतीला आणि संध्याकाळी हरिपूरला जायला लागल्या, आणि त्यांच्या हॉर्नला रस्त्यावरचे पोलीस सरळ उभे राहायला लागले. निम्मे त्यांचेच विद्यार्थी.

मी हात धुऊन आलो, तर बाईंनी डिकी उघडून ठेवली होती. आत चार खोकी. खोक्यांत नवीकोरी अलॉयची चाकं. अशी चकचकीत, की वाकून बघितलं तर मला माझ्या नाकातले केस मोजता आले.

"मुकुंद शनिवारी येतोय," बाई म्हणाल्या.

एवढ्यावर मला सगळं कळलं, कारण ती भानगड गावभर माहीत होती. मुकुंद म्हणजे बाईंचा मुलगा. पुण्याला विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि कुणाची चूक ते लिहायचं, हे त्याचं काम. लोक सांगायचे, नुसत्या ओरखड्याकडं बघून तो ओळखतो की ड्रायव्हर डावखुरा होता, घाईत होता आणि त्याच वेळी त्याला बायकोनं हाक मारली होती. लोक म्हणजे मीच सांगायचो, पण पहिला अर्धा भाग खरा होता. आईनं या वयात गाडी घेतली म्हटल्यावर त्याची झोप उडाली. त्यानं अट घातली: तीन महिने चालव. तीन महिन्यांनी मी येऊन बघेन. एक ओरखडा दिसला तरी गाडी विकायची. कारणं ऐकणार नाही.

ते तीन महिने शनिवारी भरत होते.

मी गाडीभोवती फिरलो. पत्रा बाळाच्या गालासारखा.

"बाई, कुठं काय आहे?"

"खाली बघ. डावीकडं."

मी उकिडवा बसलो. डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांच्या लोखंडी कडा किसणीवर धरल्यासारख्या खरवडल्या होत्या. बघितलं, आणि बराच वेळ उठलोच नाही. कसं झालं, असं मी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

"ही नवी चाकं बसव," त्या म्हणाल्या. "जुनी तुझ्याकडं राहू देत. मुकुंदला सांगू, हौस म्हणून घेतली."

"बाई, ही तर कॉपी झाली."

"ते मला तू शिकवू नकोस," बाई म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झालेले मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

मी एक चाक मांडीवर घेऊन बघितलं आणि डोकं खाजवलं.

"आता काय?"

"नटाचं अडतंय, बाई. जुने नट याला चालायचे नाहीत."

"का? भोकं चारच आहेत, नटही चारच."

"भोकं खोल आणि अरुंद आहेत. जुना नट अंगानं जाड. तो पिळायला नटावर बसणारा गोटीपाना घातला, की पाना भोकाच्या कडेला घासणार. आणि नट पिळताना त्याचं बूड चाकावर गरगर फिरतं, ते रंग खरवडून काढतं. मुकुंदराव नुसता बॅटरीचा झोत टाकतील आणि म्हणतील, आई, हे काय?"

"मग?"

"बारीक अंगाचे नट लागतात. निमुळत्या बुडाचे, भोकाचा उतार जसा तसेच. आणि बुडाशी सुटी कॉलर असलेले. नट फिरतो, कॉलर चाकाला टेकून गप्प बसते. ओरखडा पडायचा प्रश्नच नाही. कोल्हापुरात शिकलगारभाईंकडं मिळतात."

"सातवीत इतकं सरळ उत्तर दिलं असतंस तर पास झाला असतास. मागव."

शिकलगारभाईंचा नंबर मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. शेजारच्या बूथमधून लावला. पलीकडं ठोकाठोकी चाललेली ऐकू आली. हातोडा, फळ्या, कुणीतरी "उचल, उचल" म्हणतंय. म्हटलं, बरोबर, भाईंचंच दुकान.

"हॅलो, सांगलीहून नलवडे बोलतोय. नट पाहिजेत. सोळा."

"सोळा?" आवाज जरा खर्जातला होता. भाईंना सर्दी झाली असेल. "एकदम सोळा?"

"एकदम. पंधरा आले तर काही उपयोग नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं पाहिजेत."

"मिळतील. कसे पाहिजेत?"

"बारीक अंगाचे. जाड चालत नाहीत, आत शिरत नाहीत."

"जागा लहान आहे का?"

"अगदी लहान. जाडा घातला की कडेला घासतो."

"समजलं. आमच्याकडं दोघं-तिघं जाड आहेत, ते वगळतो."

"आणि कळकट नकोत हां. चकाकी पाहिजे."

"पावडर लावूनच पाठवतो ना."

मला वाटलं, गंज धरू नये म्हणून लावत असतील. "कॉलरवालेच द्या," मी म्हणालो.

"सगळे कॉलरवाले. धोतरवाला एकही नाही."

फोनमध्ये खरखर होती. मला वाटलं, कोल्हापुरात नटाचा काहीतरी नवा प्रकार निघाला असेल. कोल्हापूरचं काही सांगता येत नाही.

"आणि मुख्य म्हणजे," मी म्हणालो, "एकानंही ओरखडा काढता कामा नये. बाई फार कडक आहेत."

"बाई आहेत होय! मग बिनघोर राहा. सगळे घरंदाज आहेत."

"बरोबर किल्ली पाठवा. तिच्याशिवाय हे नट फिरत नाहीत."

"किल्लेदार येणारच हो. त्यांच्याशिवाय आमचा एक नट हलत नाही."

आता इथं मला संशय यायला पाहिजे होता, असं तुम्ही म्हणाल. पण माणूस जे ऐकायला बसलेला असतो, तेच त्याला ऐकू येतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता बाई गाडी घेऊन आल्या. मी ती लाकडी ठोकळ्यांवर चढवली, जुनी चाकं काढून मागं पोत्याखाली ठेवली, नवी चाकं मऊ चादरीवर मांडली. बाई स्टुलावर पेपर वाचत बसल्या. मुकुंद दुपारी बाराला पोचणार होता. नट आले की माझं काम अर्ध्या तासाचं.

साडेनऊला कोल्हापूरची एसटी आमच्या दारातच थांबली. कंडक्टर पुडकं देईल म्हणून मी पुढं झालो. तर बसमधून माणसं उतरायला लागली. एक उतरला, दोन उतरले, पाच उतरले. दहावा उतरला तशी बस एका अंगाला कलली होती ती सरळ झाली. सगळे बारीक अंगाचे, सगळ्यांना कॉलरचे शर्ट, आणि सगळ्यांच्या तोंडाला पावडर. शेवटी जाकीट घातलेला एक रुबाबदार गृहस्थ उतरला.

"नलवडे कोण?" तोच खर्जातला आवाज.

"मी."

"सोळा. मोजून घ्या."

मी त्याच्या हातांकडं बघितलं. रिकामे. "कुठायत?"

"हे काय, समोर उभे आहेत! नट!"

एसटी निघून गेली. धूळ खाली बसली. सोळा जणांनी मला वाकून नमस्कार केला.

"आणि किल्ली?" मी विचारलं.

रांगेच्या मागून एक टक्कल पडलेला बुटका माणूस पुढं आला. "मी किल्लेदार. प्रॉम्प्टर."

बाईंनी पेपराची घडी घातली. सगळं एका नजरेत त्यांच्या लक्षात आलं. आम्हा पोरांच्या भानगडीही त्यांना अशाच एका नजरेत कळायच्या.

"नलवडे, तू फोनवर काय मागितलंस?"

"नट मागितले, बाई."

"सांगलीच्या माणसानं, कोल्हापूरच्या नाटकवाल्याकडं, सोळा नट मागितले. चाकाचे नट म्हणाला होतास?"

"नव्हतो."

"षष्ठी वापरायला काय झालं होतं? सातवीत याच धड्यात गचकलास."

मी दुकानात पळालो. भिंतीवरचा आकडा निरखून बघितला. माझ्या हाताचा एक आणि नऊ आतापर्यंत भल्याभल्यांना वेगळा काढता आलेला नाही. बूथमधून नऊच्या जागी एक लावला, तर थेट शिकलगारभाई.

"अरे नलवडे! हैत की नट. बाराच्या गाडीत कंडक्टरजवळ देतो. दीडला तुमच्या दारात."

दीडला! आणि मुकुंद बाराला. आला की ठोकळ्यावरची गाडी बघणार, पोत्याखालची चाकं शोधणार. ओरखडे शोधायचा पगार घेणारा माणूस तो. बाई नुसत्या त्या लाल गाडीच्या छपरावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या हाताकडं मला बघवेना.

मी किल्लेदारांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बरं, थोडं लपवलं.

"दीड तास थोपवायचंय ना?" किल्लेदार म्हणाले. "आम्ही तीन अंकी करतो हो. दीड तास म्हणजे नुसतं मध्यंतरापर्यंत. आज तसाही प्रयोग नाही. बाई मुख्याध्यापिका होत्या म्हणता? झालं तर. हे सोळा त्यांचे माजी विद्यार्थी. सत्काराचा समारंभ."

"खोटं बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"खोटं कुठं, बाई? पाठांतर."

बाईंनी चष्मा सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत.

बाराला पाच कमी असताना मुकुंद आला. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांनी त्याला इकडं पाठवलं होतं. उंच, चष्मेवाला, खिशात बॅटरी, हातात वही. तोवर गाडीपुढं मी टायरच्या ट्रकवरची ताडपत्री पडद्यासारखी टांगली होती, आणि टायरच्या चळतींवर फळी टाकून व्यासपीठ केलं होतं. मुकुंद "आई, गाडी…" म्हणेपर्यंत त्याच्या गळ्यात हार पडला आणि दोघांनी त्याला खुर्चीत बसवलं.

एकेक जण उठून बोलायला लागला. किल्लेदार टायरच्या चळतीमागं बसून वाक्यं पुरवत होते. काय बोलले हो ते! बाईंनी कुणाला पुरातून वाचवलं होतं, कुणाची फी भरली होती, एकाला तर चावलेल्या सापासकट दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावरची माणसं थांबली. भाजीवाल्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. पाचवा नट उठला तो साठ-पासष्टीचा. कंपनीतला सगळ्यांत जुना.

"बाईंनी मला चौथीत हाताला धरून लिहायला शिकवलं," तो गहिवरून म्हणाला.

मुकुंदनं चष्मा वर केला. "काका, तुम्ही आईपेक्षा मोठे दिसता."

किल्लेदारांकडं याचं वाक्य नव्हतं.

"चौथीत मी बरीच वर्षं होतो," म्हातारा म्हणाला, आणि टाळ्या घेऊन खाली बसला.

एक वाजला. सव्वा झाला. वाक्यं संपत आली होती. पंधरावा उठला तो विशीतला, अगदी किडकिडीत. किल्लेदारांनी हात हलवून संपलं म्हणून सांगितलं. मग तो पोरगा मनानंच बोलला.

"मी एकदा परीक्षेत पुढच्याचं बघून लिहिलं. बाईंनी पकडलं नव्हतं. पास झालो असतो. पण मला राहवेना. मीच जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, पेपर नापास, पण तू पास."

असं आठल्येबाई जन्मात कुणाला म्हणाल्या नव्हत्या. मला तर नाहीच. पण बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. पुसला गेला तरी पुसत राहिल्या.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं खिडकीतून पुडकं फेकलं, मी ते झेलून ताडपत्रीमागं शिरलो. सोळा नट. बारीक, निमुळते, सुटी कॉलर, बरोबर खाचांची किल्ली. दुकानात नट पिळायचं हवेवरचं मशीन होतं, त्याला हातही लावला नाही. प्रत्येक नट आधी बोटांनी पिळला. कुठं थोडा आडवा वाटला, तर काढून परत लावला. मग समोरासमोरचे दोन-दोन करत किल्लीनं हळू आवळले. किल्लीवरसुद्धा मी चिकटपट्टीचा एक फेर दिला होता. गाडी खाली उतरवली आणि शेवटचा पीळ हातानं, दमानं दिला. पलीकडं सोळावा नट वाक्य नाही म्हणून बाईंची आरती पुन्हापुन्हा म्हणत होता. ती संपली आणि मी ताडपत्री ओढली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी टाळ्या घेण्यासारखीच दिसत होती.

मुकुंदनं गळ्यातला हार काढला, वही उघडली, बॅटरी लावली. पत्रा बघितला. दारं बघितली. मग पॅंटची पर्वा न करता रस्त्यावर पालथा पडला आणि चारही चाकांवर झोत मारला. नटाच्या भोकात डोळा घातला. बोट फिरवलं. वीस मिनिटं हेच चाललं होतं.

उठला. कपडे झटकले.

"आई, एकही ओरखडा नाही. गाडी तुझी."

सोळा नटांनी शिट्ट्या मारल्या. किल्लेदार टायरमागून उड्या मारत बाहेर आले. मी वर बघून कुठल्या देवाचे आभार मानावेत ते ठरवत होतो.

"थांब," बाई म्हणाल्या. "नलवडे, जुनी चाकं आण."

"कुठली चाकं, बाई?"

"नलवडे."

आणली. दोन हातांत दोन. मुकुंदसमोर ठेवली.

"ही नवी चाकं हौस म्हणून नाहीत," बाई मुलाला म्हणाल्या. "ही खरवडलेली तुला दिसू नयेत म्हणून आहेत. आता विक गाडी." आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढं केला.

मुकुंदनं जुडगा घेतला नाही. तो खाली बसला. ओरखड्यांवरून त्यानं हळूच बोट फिरवलं. आंधळा माणूस ठिपके वाचतो ना, तसं.

"डावीकडची दोन्ही," तो म्हणाला. "फूटपाथची सिमेंटची कड. वेग वीसच्या आत. हे बघ, इथं रेघ जाड आहे, म्हणजे आधी ब्रेक दाबलास. मग डावीकडं ओढलीस." त्यानं दुसऱ्या चाकावर बोट ठेवलं. "उजवीकडून काहीतरी अचानक आडवं आलं. एक तर ते, नाहीतर फूटपाथ. तू फूटपाथ घेतलास."

"कारणं ऐकणार नाही म्हणाला होतास. म्हणून सांगितलं नाही."

"तू कुठं सांगितलंस? हे चाकानं सांगितलं." त्यानं चष्मा काढला. "आई, मी रोज गाड्या बघतो. त्यांतल्या कितीतरींची चाकं धड असतात गं. एक ओरखडा नसतो. समोर जे आलेलं असतं, त्याचं मला लिहावं लागतं." त्यानं वही मिटून खिशात घातली. "गाडी ठेव. मला भीती होती ती ओरखड्याची नव्हती."

बाईंनी त्याच्या कोपराला लागलेली माती झटकली. बराच वेळ झटकत होत्या.

"पण आडवं आलं तरी काय?" मुकुंदनं विचारलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

आता एवढं सगळं सांगितल्यावर हेही सांगून टाकतो. त्या शनिवारच्या तीन आठवडे आधी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मी स्कूटरवरून चाललो होतो. मागं शेजारचा पंक्चरवाला दगडू बसला होता. कृष्णेत मी पाहिलेली मगर केवढी होती, हे त्याला पटेना. म्हणून मी हँडल सोडलं आणि दोन्ही हात पसरून दाखवलं. स्कूटर आपल्या मर्जीनं रस्त्याच्या पलीकडं गेली. हॉर्न वाजला, खर्र्र आवाज झाला. मागं वळून बघितलं, तर लाल गाडी फूटपाथला टेकलेली आणि काचेमागं बाईंचा चेहरा. मी थांबलो नाही. थेट माधवनगरला जाऊन श्वास घेतला. सांगलीत टायरवाले छप्पन्न होते, पण बाई चाकं घेऊन माझ्याच दुकानात का आल्या, ते मला मी उकिडवा बसलो त्या क्षणीच कळलं होतं.

सोळा नटांनी किल्लेदारांकडं बघितलं. किल्लेदारांनी माझ्याकडं बघितलं. या प्रसंगाचं वाक्य कुणाकडंच नव्हतं.

"गाढव," बाई म्हणाल्या.

"गाढव?" मुकुंदला खरं वाटेना. तो माझ्याकडं वळला. "मिस्त्री, या रस्त्यावर गाढवं येतात? तुम्ही कधी बघितलंय?"

"बघितलंय की," मी म्हणालो. "त्या दिवशीचंच बघितलंय. चांगलं उंटाएवढं होतं."

"एवढं काही मोठं नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि गाडीत बसून त्यांनी मुलासाठी पलीकडचं दार उघडलं.